ब्रह्मकमळाची छाटणी : एका फांदीचा इतिहास



आज बोलायचंय ते बाल्कनीतल्या एका कुंडीबद्दल. इतिहासाच्या व्याख्यानाला हा विषय कशाला, असं कुणालाही वाटेल. पण पुण्यात एक प्रश्न नेहमी कानावर येतो : 'आमचं ब्रह्मकमळ फार अस्ताव्यस्त वाढलंय हो, पण देवाचं झाड ते, त्याला कात्री कशी लावायची?' याचं अर्धं उत्तर बागकामात आहे आणि अर्धं इतिहासात. आपण इतिहासापासून सुरुवात करू.

आपल्या घरातलं ब्रह्मकमळ हे मुळात निवडुंगाच्या कुळातलं झाड. ज्यांना आपण पानं म्हणतो ती पानं नव्हेतच, ती चपट्या झालेल्या फांद्या आहेत. म्हणून तर त्यांच्या कडेच्या खाचेतून कळी फुटते. पानाला कधी फूल येतं का? याचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली जंगलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत वाढतं.

१७८७ ते १८०३ या काळात स्पेनच्या राजाच्या आज्ञेनं मेक्सिकोतल्या वनस्पतींची पाहणी झाली. मार्टिन सेसे आणि होसे मोसिन्यो हे तिचे प्रमुख अभ्यासक. त्यांनी वनस्पतींची शेकडो रंगीत चित्रं काढून घेतली. पुढे राजकीय उलथापालथीत मोसिन्योंना स्पेन सोडावा लागला. फ्रान्समध्ये त्यांनी ही चित्रं ऑगस्टीन पिरामस द कॅन्डोल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हवाली केली. द कॅन्डोल ती घेऊन जिनिव्हाला गेले. १८१७ मध्ये मोसिन्योंनी चित्रं परत मागितली, तेव्हा जिनिव्हातले शंभराहून अधिक लोक, त्यांत बऱ्याच स्त्रिया, कागद-रंग घेऊन बसले आणि साधारण दहा दिवसांत त्यांनी शेकडो चित्रांच्या नकला केल्या. मूळ चित्रं गेली, नकला राहिल्या. या सगळ्या सामग्रीच्या आधारे द कॅन्डोल यांनी मेक्सिकोतल्या अनेक वनस्पतींची वर्णनं प्रसिद्ध केली. आपल्या झाडाची शास्त्रीय नोंद त्यांनीच १८२८ मध्ये केली. पुढच्याच वर्षी हॉवर्थ यांनी त्याला आजचं नाव दिलं : एपिफायलम ऑक्सिपेटॅलम.

आता गंमत बघा. हिमालयातलं ब्रह्मकमळ, जे केदारनाथ-बद्रीनाथला वाहतात आणि जे उत्तराखंडचं राज्यफूल आहे, ते निराळंच. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याची शास्त्रीय नोंदसुद्धा १८३८च्या सुमारास याच द कॅन्डोल यांनी केली! एकाच माणसाच्या टेबलावरून दोन्ही झाडं गेली. ती पुढे एकाच नावानं ओळखली जातील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

त्याच १८२८ साली आपल्याकडे काय चाललं होतं? पुण्याजवळ दापोडीला कॅप्टन फोर्ड यांचा बंगला होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तो सरकारनं घेतला आणि तिथे वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी ते सांभाळलं. एका देशी चित्रकारानं तिथे काढलेली झाडांची चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. परदेशी झाडं आणायची, रुजवायची, वाढवून वाटायची हे अशा बागांचं काम. १८६५ मध्ये दापोडीचा कारभार आटोपला. नंतर गणेशखिंडीत बाग झाली. एम्प्रेस गार्डनमध्ये तर आजही दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं.

पण ब्रह्मकमळ घरोघर पोचलं ते सरकारी बागेपेक्षा शेजारधर्मानं. याचं बी कुणी पेरत नाही. 'तुमच्याकडची एक फांदी द्या ना' असं म्हणायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायची आणि कुंडीत खोचायची. म्हणजे आपल्या घरातलं झाड हा दुसऱ्या कुणाच्या तरी झाडाचाच तुकडा. कुणीतरी कापलं म्हणून ते आपल्याकडे आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या. पुढच्या काळात उरलेल्या वाड्यांच्याही इमारती झाल्या. वाड्याच्या चौकात भिंतीच्या आधारानं हे झाड वाटेल तेवढं पसरू शकतं. फ्लॅटच्या ग्रिलमध्ये ते कसं पसरणार? पुरुषभर उंचीहून लांब जाणारं झाड ते! छाटणीचा प्रश्न आला तो जागेच्या या टंचाईतून.

तर छाटायचं कसं? कळ्या दिसत असताना हात लावू नका. बहर संपला, पावसाचा जोर ओसरला की धारदार, स्वच्छ सुरी घ्या. वाळलेल्या, खरबरीत झालेल्या, कुजक्या फांद्या बुडापासून काढा. छडीसारख्या गोल, लांबच लांब गेलेल्या फांद्या आखूड करा. चांगल्या, चपट्या, जून फांद्या ठेवा, कारण फुलं त्यांच्यावरच येतात. मात्र ज्या खाचेतून एकदा फूल येऊन गेलं, तिथून सहसा पुन्हा येत नाही. म्हणून जुनं थोडं काढत राहावं लागतं. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये. कापलेली फांदी लगेच लावायची नाही. चार-आठ दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची, मग भुसभुशीत मातीत खोचून बेताचं पाणी. फुलासाठी सहसा दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

राहिला देवाच्या झाडाचा प्रश्न. 'हे खरं ब्रह्मकमळ नव्हेच' असं सांगणारे जाणकार पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. शास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं बरोबरच आहे. पण दसऱ्याचा झेंडू, हारातली गुलछडी आणि देवळापुढचा पांढरा चाफासुद्धा अमेरिका खंडातूनच आलेत. ते देवाला चालतात, मग हे का चालू नये? रात्री नऊच्या सुमारास कळी उमलायला लागते, शेजारीपाजारी जमतात, हळदकुंकू वाहिलं जातं, सकाळी फूल मान टाकतं. ही रीत लोकांनी घडवलेली आहे आणि ती खोटी नाही.

हिमालयातल्या फुलाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे फूल तोडलं की त्याबरोबर बीही जातं आणि फार तोड झाल्यानं ते झाड धोक्यात आलंय. तिथे हात आवरणं हीच भक्ती. इथे उलट आहे. आपलं झाड कापल्यानंच टिकलं, कापल्यानंच पसरलं. तेव्हा नावाकडे बघून कात्री थांबवू नका. फक्त कापलेली फांदी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ती मागायला कुणीतरी नक्की येईल.