उंच केलेली पिकअप आणि साडेतीनशे वर्षांचा क्रॉस



गंगापूर रोडनं गिरणाऱ्याकडं जाताना पाटे वाढवून उंच केलेल्या पिकअप हल्ली बऱ्याच दिसतात. कारण आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात शिवाररस्त्याला चाकोरी पडते, काळ्या मातीत गाडी पोटावर बसते आणि मालाचे क्रेट तसेच अडकतात. म्हणून गाडी उंच करायची. पण मग काही महिन्यांत शाफ्टचा क्रॉस नाहीतर पुढचा जॉइंट वाजायला लागतो, आणि जो तो विचारतो, "टिकणारा माल कोणत्या कंपनीचा?" माझ्या मते याचं उत्तर कंपनीच्या नावात नाही, या सांध्याच्या इतिहासात आहे. म्हणून आज पिकाचं सोडून लोखंडाचं लिहितो.

बैलगाडीला असा सांधा कधी लागलाच नाही. ओढ बैलांची, चाक आखावर नुसतं फिरतं. वंगण दिलं की झालं. मोटारीत मात्र इंजिन चॅसीला पक्कं आणि मागचा आख पाट्यांवर खाली-वर नाचणारा. इंजिनचा फेरा त्या नाचणाऱ्या आखापर्यंत न्यायचा, तर शाफ्टला वाकता आलं पाहिजे आणि वाकूनही फिरता आलं पाहिजे.

ही युक्ती मोटारीपेक्षा फार जुनी. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोच्या नावावरून तिला कार्डन म्हणतात. आपण ट्रॅक्टरच्या दुकानात कार्डन शाफ्ट मागतो तो हाच. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं 1676 साली आपल्या पुस्तकात तिचं नीट वर्णन केलं. स्प्रिंगचा नियम ज्याच्या नावानं शिकवतात तोच हा हूक. त्याला ती सूर्याचा वेध घेणाऱ्या यंत्रासाठी हवी होती, क्रेट वाहायला नव्हे!

या क्रॉसमध्ये जन्मापासून एक खोड आहे. शाफ्ट सरळ असला तर दोन्ही बाजू सारख्या फिरतात. कोनात वाकला की पलीकडची बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढं धावते आणि दोनदा मागं राहते. 10 अंशाच्या कोनात हा फरक दीड टक्का असतो, म्हणजे जाणवत नाही. 30 अंशाला तीच बाजू 15 टक्के पुढं आणि 13 टक्के मागं होते. हा झटका फेऱ्याफेऱ्याला क्रॉसच्या सुया आणि कप खातात. ब्लोअर किंवा रोटाव्हेटर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तासाच्या टोकाला पीटीओ बंद न करता रोटाव्हेटर उचलला की शाफ्ट कसा खडखडतो, ते सगळ्यांनी ऐकलंय. पाटे वाढवलेली पिकअप म्हणजे कायम उचललेला रोटाव्हेटर.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालायच्या. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर या तरुणानं 1903 साली मोटारीसाठी बंदिस्त, वंगण टिकवणाऱ्या क्रॉसचं पेटंट मिळवलं आणि 1904 पासून माल बनवायला घेतला. स्पायसर हे नाव आजही पार्टच्या खोक्यावर दिसतं. वाकणारा सांधा आधी होताच. धूळ बाहेर आणि वंगण आत राहील अशी सोय त्याला लागत होती, ती स्पायसरनं केली.

पुढच्या चाकालाही ओढ द्यायची म्हटल्यावर पंचाईत वाढली. तिथं चाक वळतंही, म्हणून कोन मोठा. यासाठी 1920 च्या दशकात फोर्डमधल्या आल्फ्रेड झेपा या इंजिनिअरनं सहा गोळ्यांचा जॉइंट काढला. गोळ्या नेहमी कोनाच्या बरोबर मधल्या रेषेत राहतात, त्यामुळं दोन्हीकडं वेग सारखाच. आपले मेकॅनिक त्याला सीव्ही म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांवर जीप बनल्या, त्यांच्या पुढच्या आखात झेपा, बेंडिक्स, ट्रॅक्टा आणि स्पायसर असे चारही प्रकारचे जॉइंट बसवलेले सापडतात.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलीसची जीप मुंबईत माझगावला जोडायला घेतली. देवळालीच्या लष्करामुळं नाशिकला जीप अनोळखी नव्हतीच. पुढं सातपूरच्या कारखान्यातून बोलेरो निघाली. गोळ्यांच्या जॉइंटची ओळख देशभरच्या गॅरेजांना झाली ती मात्र 1983 साली आलेल्या मारुती 800 मुळं, कारण तिची ओढच पुढच्या चाकांवर. रबरी बूट फाटला की जॉइंट गेला, हा धडा तिनं घरोघर पोचवला.

आता उंचीकडं येऊ. युद्धानंतर जर्मनीत खास शेतकऱ्यासाठी युनिमॉग नावाची गाडी काढली, 1948 पासून ती विकायला आली. दोन चाकांमधलं अंतर बटाट्याच्या दोन सऱ्यांच्या मापानं ठेवलेलं. तिला उंची हवी होती, पण त्यांनी पाटे वाढवले नाहीत. आख वर घेतला आणि चाकाजवळ गिअर बसवून फेरा खाली आणला. उंची मिळाली आणि शाफ्टचा कोनही वाढला नाही.

आपण पाटे वाढवतो किंवा ठोकळे घालतो, तेव्हा बॉडी वर जाते. डिफरन्शियलचा गोळा होता तिथंच राहतो, कारण तो आखासोबत चाकांवर टेकलाय. म्हणजे चाकोरीत जो गोळा घासत होता तो तसाच घासणार. वाढला तो फक्त कोन. गोळ्याखालची जागा वाढते ती मोठ्या टायरनं, पण मग जॉइंटवर जोरही जास्त पडतो.

म्हणून नवा पार्ट घेण्याआधी एवढं करा.

1. गिअरबॉक्सची आणि डिफरन्शियलची फ्लँज एकमेकींना समांतर आहे का ते मोबाइलमधल्या कोनमापकानं बघा. नसेल तर पाट्याखाली पाचर देऊन मेकॅनिककडून बरोबर करून घ्या. शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांच्या खुणा जुळल्या पाहिजेत, तरच एका क्रॉसची खोड दुसरा भरून काढतो.

2. गाडी उंच झाली की सरकता शाफ्ट बाहेर ओढला जातो. आत पुरेसा अडकलाय का बघा. चालत्या गाडीचा शाफ्ट पडला तर जिवावर बेतेल.

3. क्रॉस निप्पलवाला की बंद? बंद क्रॉस थोडा जास्त मजबूत, कारण त्यात ग्रीससाठी भोक पाडलेलं नसतं. पण आपल्या चिखलपाण्यात निप्पलवाला बरा. चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. कपाशी लाल भुकटी दिसली तर सुया गेल्या समजा.

4. सीव्हीचा बूट चिरला की त्याच आठवड्यात बदला. वळताना कटकट ऐकू येईपर्यंत थांबलात तर बूट नाही, आख्खा जॉइंट घ्यावा लागेल.

5. कपाचा व्यास आणि लांबी व्हर्नियरनं जुन्या पार्टशी जुळवा. पक्कं बिल घ्या. नुसतं खोकं बघून भुलू नका.

आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत. अपघातानंतर विम्याच्या वेळी हे आडवं येऊ शकतं.

हूकपासून झेपापर्यंत सगळ्यांची झटापट कोनाशी आणि धुळीशी होती. जाड लोखंडानं ती दोन्ही हटत नाहीत. आधी कोन कमी करा, मग ग्रीस वेळेवर द्या, आणि त्यानंतर चांगल्या पार्टला पैसे घाला. त्याच पैशात शिवाररस्त्यावर चार ट्रॉल्या मुरूम पडत असेल, तर शेजाऱ्यांशी बोलून आधी तो टाका. त्यानं सगळ्यांच्याच गाड्यांचे जॉइंट वाचतील.