शिकाऊ चालकांसाठी अल्पमुदतीचा कार विमा: ब्रिटनमधली ही पद्धत कशी चालते?

आपल्याकडे घरात कुणी गाडी शिकायला लागलं की चर्चा क्लचची होते, लर्निंग लायसन्सची होते, फार तर शेजारी कोण बसणार याची होते. विम्याचा विषय सहसा निघत नाही, कारण गाडीचा विमा आधीच काढलेला असतो. ब्रिटनमध्ये मात्र हाच विषय सगळ्यात आधी निघतो. तिथे भावाची गाडी, तिचा वर्षभराचा संपूर्ण विमा, खिशात शिकाऊ परवाना आणि शेजारी अनुभवी भाऊ, एवढं सगळं असूनही तुम्ही कायद्याच्या नजरेत विनाविमा गाडी चालवत असू शकता. ही अडचण सोडवण्यासाठी तिथे शिकाऊ चालकांसाठीचा अल्पमुदतीचा विमा मिळतो. नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्ताने तिकडे गेलेल्या मराठी माणसांना त्याची गरज बरेचदा पडते.

हा विमा म्हणजे नेमकं काय?

शिकाऊ परवाना असलेल्या व्यक्तीला, ठरावीक गाडी, ठरावीक काळापुरती सरावासाठी चालवता यावी म्हणून काढलेली ही स्वतंत्र पॉलिसी असते. तिची मुदत काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकते. ती शिकणाऱ्याच्या नावावर असते आणि बहुतेक वेळा गाडी आईवडील, जोडीदार, नातेवाईक किंवा मित्राची असते. गाडीमालकाची वार्षिक पॉलिसी वेगळी चालू राहते आणि ही तिच्या जोडीला असते.

भारतापेक्षा वेगळं काय?

भारतात विमा मुख्यतः गाडीला चिकटलेला असतो. मालकाच्या परवानगीने योग्य परवाना असलेली कुणीही व्यक्ती ती गाडी चालवू शकते. पॉलिसीतल्या चालकविषयक कलमात शिकाऊ परवानाधारकाचाही समावेश असतो. अट एवढीच, की त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळलेला असावा. म्हणजे लर्निंग लायसन्स मुदतीत असावं, गाडी थांबवता येईल अशा जागी परवानाधारक प्रशिक्षक शेजारी बसलेला असावा आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ असावा. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ च्या स्वर्ण सिंग प्रकरणात स्पष्ट केलं, की शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे आणि केवळ त्या कारणावरून विमा कंपनीला जबाबदारी टाळता येत नाही.

ब्रिटनमध्ये पॉलिसीवर गाडीसोबत चालकांची नावंही असतात. ज्याचं नाव पॉलिसीत नाही, त्याला त्या गाडीपुरतं सहसा संरक्षण नाही. त्यामुळे ‘गाडीचा विमा आहे ना?’ हा आपला सवयीचा प्रश्न तिथे अपुरा ठरतो. विचारायचं असतं ते असं: ‘ही गाडी मी चालवण्यासाठी विमा आहे का?’

शिकाऊ चालकासाठी कायद्याच्या अटी

ब्रिटनमध्ये थर्ड पार्टी विमा १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने सक्तीचा झाला, तर वाहनचालक परीक्षा १९३५ पासून सक्तीची झाली. आज १९८८ चा रस्ते वाहतूक कायदा लागू आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कार शिकणाऱ्याला पुढच्या अटी पाळाव्या लागतात. (उत्तर आयर्लंडचे काही नियम वेगळे आहेत.)

- वय किमान १७ वर्षं आणि हातात ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे शिकाऊ परवाना.
- गाडीला पुढे आणि मागे ‘एल’ची पाटी. वेल्समध्ये त्याऐवजी ‘डी’ची पाटीही चालते.
- शेजारी देखरेख करणारी व्यक्ती. तिचं वय २१ पेक्षा जास्त हवं, त्या प्रकारची गाडी चालवण्याची तिला पात्रता हवी आणि पूर्ण परवाना मिळून ३ वर्षं झालेली हवीत.
- खासगी सराव करताना मोटरवेवर जायचं नाही. जून २०१८ पासून शिकाऊ चालकांना मोटरवेवर जाता येतं, पण अधिकृत प्रशिक्षकासोबत आणि दुहेरी नियंत्रणाच्या गाडीतूनच.

देखरेख करणाऱ्याने गाडीत बसून मोबाइल हाताळणं किंवा मद्य घेऊन बसणं हाही गुन्हा ठरू शकतो. शिवाय काही विमा कंपन्या या व्यक्तीचं वय २५ पेक्षा जास्त असावं अशी स्वतःची अट घालतात. कायद्याची अट पाळली पण पॉलिसीची पाळली नाही, तर भरपाईच्या वेळी वाद होऊ शकतो.

विमा मिळवण्याचे मार्ग

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकताना बहुधा वेगळा विमा लागत नाही, कारण प्रशिक्षकाच्या विम्यात विद्यार्थी धरलेला असतो. प्रश्न येतो तो घरच्या गाडीवर सराव करताना. आणि सराव हवाच. परीक्षा घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या म्हणण्यानुसार शिकणाऱ्याला सरासरी ४५ तास प्रशिक्षकाकडचे आणि शिवाय २२ तास खासगी सरावाचे लागतात. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

१. मालकाच्या वार्षिक पॉलिसीत नाव जोडणं. कागदपत्रं कमी लागतात. पण शिकाऊ चालकामुळे हप्ता वाढू शकतो. अपघात झाला तर दावा मालकाच्या पॉलिसीवर जातो आणि अनेक वर्षं साठवलेला त्याचा नो क्लेम बोनस धोक्यात येतो.

२. स्वतंत्र अल्पमुदतीची पॉलिसी. दावा शिकणाऱ्याच्या पॉलिसीवर होत असल्याने मालकाच्या बोनसला सहसा धक्का लागत नाही. ज्या आठवड्यांत सराव आहे तेवढ्यापुरतेच पैसे भरावे लागतात. मात्र रोजच्या हिशेबाने ही पॉलिसी महाग पडते. सराव सहा-आठ महिने सलग चालणार असेल, तर पहिल्या मार्गाशी तुलना करूनच निर्णय घ्यावा.

३. स्वतःच्या गाडीवर शिकाऊ चालकाची पॉलिसी. गाडी शिकणाऱ्याच्या मालकीची असेल तर विमा त्याच्याच नावावर हवा. ब्रिटनमध्ये २०११ पासून गाडी रस्त्यावर नसली तरी तिचा विमा सतत चालू ठेवावा लागतो. ‘गाडी वापरात नाही’ अशी रीतसर नोंद केली तरच सूट मिळते. त्यामुळे मधूनमधून दोन-दोन दिवसांची पॉलिसी काढून स्वतःची गाडी ठेवता येत नाही.

हप्ता कशावर ठरतो?

शिकणाऱ्याचं वय, राहण्याचा पत्ता, गाडीचं मॉडेल आणि किंमत, पॉलिसीची मुदत आणि मागचे अपघात किंवा दंड यांवर. छोट्या इंजिनाच्या साध्या गाडीचा हप्ता कमी असतो. हप्त्यात १२ टक्के विमा कर धरलेला असतो. हप्त्यासोबत ‘एक्सेस’ही पाहावा. दाव्यातली जी रक्कम पदरची घालावी लागते तिला एक्सेस म्हणतात. हप्ता कमी दिसतो आणि एक्सेस मात्र मोठा असतो, असं अनेकदा घडतं. मग किरकोळ धडकेचा खर्च जवळजवळ सगळा आपल्याच खिशातून जातो.

परीक्षेचा दिवस: सगळ्यात जास्त चूक इथे होते

परीक्षा घरच्या गाडीतून द्यायची असेल तर ती परीक्षेसाठीही विमा उतरवलेली असावी लागते. काही पॉलिसींमध्ये परीक्षा धरलेली असते, काहींमध्ये नसते. हे आधीच विचारून घ्यावं.

खरी मेख त्यानंतर आहे. शिकाऊ चालकाचा विमा हा शिकाऊ चालकापुरताच असतो. परीक्षक ‘पास’ म्हणाला की तुम्ही शिकाऊ राहत नाही आणि अनेक पॉलिसींचं संरक्षण त्याच क्षणी संपतं, मुदतीचे दहा दिवस उरले असले तरी. म्हणजे सकाळी नापास झालेला माणूस त्याच विम्यावर, शेजारी देखरेख ठेवून, घरी गाडी नेऊ शकतो. पास झालेला आनंदाच्या भरात स्टिअरिंगवर बसला तर विनाविमा ठरतो. यावर उपाय दोन. परतीच्या वाटेवर ज्याचा त्या गाडीवर विमा आहे अशा सोबतच्या व्यक्तीने गाडी चालवावी. नाहीतर पूर्ण परवानाधारक म्हणून नवा विमा फोनवर किंवा अ‍ॅपवर काढून, तो सुरू झाल्याची खात्री करूनच निघावं.

पास झाल्यावर हप्ता कमी होईल असंही धरून चालू नये. शिकाऊ असताना शेजारी अनुभवी माणूस असतो. पास झाल्यावर नवखा चालक एकटा रस्त्यावर येतो आणि कंपन्यांच्या लेखी जोखीम वाढते. म्हणून हप्ता बरेचदा वाढतो.

विमा नसेल तर?

पोलिसांकडे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे असतात आणि ते विमा नोंदींच्या राष्ट्रीय डेटाबेसशी जोडलेले असतात. विनाविमा सापडल्यास जागेवरचा दंड ३०० पौंड आणि परवान्यावर ६ दंडगुण. प्रकरण न्यायालयात गेलं तर दंडाला कमाल मर्यादा नाही, ८ पर्यंत दंडगुण आणि वाहन चालवण्यावर बंदीही येऊ शकते. गाडी जप्त होऊ शकते, मग ती कुणाच्याही मालकीची असो. योग्य देखरेखीशिवाय चालवण्याला १,००० पौंडांपर्यंत दंड आणि ६ पर्यंत दंडगुण अशी वेगळी शिक्षा आहे.

नवीन चालकासाठी ६ हा आकडा फार मोठा आहे. पास झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत ६ दंडगुण झाले तर पूर्ण परवाना रद्द होतो आणि लेखी व प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. परीक्षा केंद्रापासून घरापर्यंतचा विनाविमा प्रवास एवढा महागात पडू शकतो. ही नोंद परवान्यावर चार वर्षं राहते आणि पुढचे हप्तेही वाढवते.

भारतीय लायसन्स असलेल्यांनी काय लक्षात ठेवावं?

ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने वैध भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. या काळात तुम्ही शिकाऊ नसता, त्यामुळे शिकाऊ चालकाचा नव्हे, तर परदेशी परवाना स्वीकारणारा विमा घ्यावा लागतो. भारतीय परवाना तिथल्या परवान्याशी थेट बदलून मिळत नाही. १२ महिने संपले की प्रोव्हिजनल परवाना घेऊन परीक्षा द्यावीच लागते. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेला माणूसही तेराव्या महिन्यात, परीक्षा दिलेली नसेल तर, कायद्याने शिकाऊ ठरतो आणि ‘एल’ची पाटी व शिकाऊ चालकाचा विमा त्यालाही लागतो.

दुसरा मुद्दा देखरेखीचा. ३ वर्षांचा पूर्ण परवाना ब्रिटन, युरोपीय संघ, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड किंवा लिश्टेनस्टाइनचाच हवा. भारतातली वर्षं त्यात धरली जात नाहीत. नवऱ्याने मागच्या वर्षी ब्रिटिश परवाना मिळवला असेल, तर भारतात त्याने कितीही गाडी चालवलेली असो, बायकोच्या शेजारी बसून तो तिला शिकवू शकत नाही. अशा वेळी तीन वर्षं जुना परवाना असलेला मित्र किंवा प्रशिक्षक शोधावा लागतो. मित्राने मात्र शिकवण्याचे पैसे घेऊ नयेत. नोंदणीकृत प्रशिक्षक नसताना पैसे घेऊन शिकवणं बेकायदा आहे.

दोन सापळे

पहिला सापळा घरचाच असतो. हप्ता वाचवण्यासाठी मुलाच्या गाडीचा मुख्य चालक म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव द्यायचं आणि मुलाला दुय्यम चालक दाखवायचं. याला तिथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ही फसवणूक धरली जाते. उघडकीला आल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. अपघातातल्या त्रयस्थाला भरपाई मिळते, पण ती रक्कम नंतर चालकाकडून वसूल होऊ शकते.

दुसरा सापळा बाहेरचा. समाजमाध्यमांवर किंवा ओळखीतून ‘स्वस्तात विमा काढून देतो’ म्हणणारे बनावट कागद हाती देतात किंवा खोटी माहिती भरून पॉलिसी काढतात. तरुण आणि नव्याने आलेले लोक यात सहज सापडतात. विकणाऱ्याचं नाव वित्तीय नियामकाच्या नोंदवहीत आहे का ते पाहावं आणि आपल्या गाडीचा विमा राष्ट्रीय डेटाबेसमध्ये दिसतो का तेही तपासावं.

पॉलिसी घेण्याआधी तपासून घ्या

- गाडीमालकाची परवानगी आहे का आणि त्याची वार्षिक पॉलिसी चालू असणं बंधनकारक आहे का?
- देखरेख करणाऱ्याच्या वयाची आणि परवान्याची अट काय आहे?
- फक्त थर्ड पार्टी, की स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरलं आहे?
- एक्सेस किती?
- रात्री उशिरा चालवायला मनाई आहे का?
- परीक्षा धरली आहे का आणि पास झाल्यावर संरक्षण कधी संपतं?
- पॉलिसी रद्द केल्यास पैसे परत मिळतात का? एक महिन्यापेक्षा कमी मुदतीच्या पॉलिसीत ते सहसा मिळत नाहीत.

पॉलिसी नेमक्या कोणत्या तारखेला आणि किती वाजता सुरू होते, हेही कागदावर वाचून घ्यावं. दुपारी दोनला सुरू होणाऱ्या विम्यावर सकाळी अकराला गाडी बाहेर काढली, तर ते तीन तास विनाविमाच धरले जातात.