सह्याद्रीतील सांबर आणि बारा बोअरची गोळी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम कडेला, कोयना आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांत, सांबर आणि भेकर या हरणांची जी शिकार होत असे, तिचे स्वरूप शिकाऱ्याच्या हौसेपेक्षा रानाच्या ठेवणीने आणि शस्त्रविषयक कायद्याने अधिक ठरवले. कारवीच्या दाट जाळीत आणि उतारावरच्या गर्द झाडीत जनावर नजरेस पडते तेच मुळी थोड्या पावलांवर, त्यामुळे दूरचा पल्ला गाठणाऱ्या रायफलीचा फारसा उपयोग तेथे होत नसे. 1878 च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक केला, आणि 1959 च्या कायद्याने 20 इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला संरक्षण वा शिकारीसाठी, तर ठासणीच्या बंदुकीला, म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरावयाच्या बंदुकीला, पीकरक्षणासाठी परवाना देण्याची तरतूद ठेवली. रायफलीच्या मानाने अशी बंदूक मिळवणे सोपे होते.

बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास त्यांतील एक गोळी जिच्यात नेमकी बसेल अशी, सुमारे 18.5 मिलिमीटर व्यासाची नळी. तिच्यात पाखरांसाठी बारीक छर्रे, मोठ्या जनावरासाठी जाड छर्रे, किंवा एकच गोळी असलेले काडतूस घालता येई. जाड छर्रे पल्ला थोडा वाढताच विखुरतात आणि सांबरासारख्या भारी अंगाच्या जनावराला ठार न करता नुसते जायबंदी करतात; असे जनावर दरीत उतरून हाल सोसत मरते. म्हणून एका गोळीचे काडतूस अधिक जबाबदारीचे ठरते, मात्र ते जवळून आणि नेम धरून झाडले तरच. नळीत पेच, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, नसल्याने साधी वाटोळी गोळी लवकर भरकटते. कर्नल फॉस्बेरी या, हिंदुस्थानात लढलेल्या, अधिकाऱ्याने 1885 मध्ये केवळ नळीच्या तोंडाशी पेच पाडण्याची युक्ती काढली. जर्मनीत ब्रेनेके या बंदूक-निर्मात्याने 1898 मध्ये गोळीलाच तिरप्या कडा देऊन तिच्या शेपटीला बूच जोडले, जेणेकरून जड टोक पुढे राहावे.

पल्ला इतका तोकडा असल्यामुळे जनावर बंदुकीपर्यंत आणावे लागे, आणि ते काम हाक्याचे. वाऱ्याच्या उलट बाजूला मोक्याच्या चोरवाटांवर बंदूकवाले बसत, आणि गावकरी ओळीने ओरडत, डबे-हलगी वाजवत, झाडी झोडपत खालून वर येत. कोणत्या ओहोळातून सांबर निघेल आणि दुपारी ते कोठे बसते, हे ज्ञान या हाकेकऱ्यांचे असे. शिंगे मात्र दुसऱ्याच्याच भिंतीवर जात. शिकारीच्या इतिहासलेखनात या हाकेकऱ्यांची दखल नसणे ही गंभीर उणीव आहे, कारण रानाची खरी माहिती याच माणसांकडे होती.

स्वातंत्र्यानंतर 1951 च्या मुंबई राज्याच्या वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियमाने शिकारीला नियमांच्या चौकटीत बांधले. 1972 च्या केंद्रीय कायद्यातही आरंभी सांबर, चितळ आणि भेकर 'मोठी शिकार' या वर्गात होते, म्हणजे परवान्याने मारता येण्याजोगे होते. ती परवानापद्धती 1991 च्या दुरुस्तीने रद्द झाली. दरम्यान 1985 मध्ये कोयना आणि चांदोली अभयारण्ये घोषित झाली, 2004 मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सांगली जिल्ह्यातच, उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून उभे राहिलेले, अवघ्या 10.87 चौरस किलोमीटरचे सागरेश्वर अभयारण्य हरणांनी इतके भरले, की तेथील चितळ वाघांचे भक्ष्य वाढावे म्हणून चांदोलीच्या रानात नेऊन सोडण्यात आले.