सोयाबीन, किरण आणि मात्रा



कोल्हापूरची शाहूपुरी म्हटली की गूळ आठवतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही व्यापारी पेठ वसवली आणि गुळानं तिचं नाव दूरवर नेलं. पण गूळ चांगला उतरायचा तर गुऱ्हाळावर जाणता गुळव्या हवा. आच कमी पडली तर गूळ घट्ट होत नाही, जास्त झाली तर करपतो. सोयाबीनची जी हकिगत आज सांगायची आहे, तिचंही सार हेच आहे.

उसाच्या या मुलखात आता सोयाबीनही भरपूर पिकतं. त्याच्या शंभर भागांत जवळजवळ चाळीस भाग प्रथिनं असतात. हरभऱ्यात वीसच्या आसपास. म्हणूनच १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाण्याचा प्रयोग करून पाहिला.

मात्र या दाण्यात एक खोट आहे. १९१७ साली अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांना दिसलं, की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत. तेच शिजवून दिलं, की वाढतात. १९४५ साली कुनिट्झ यांनी याचं एक मोठं कारण शुद्ध रूपात वेगळं काढलं. ते दाण्यातलंच एक प्रथिन निघालं. आतड्यात प्रथिनं पचवणारा जो रस असतो, त्याचं काम ते अडवतं. म्हणजे घरातलं धान्यच घरच्या जात्याला खुंटी घालतं म्हणा ना!

आता किरणांकडे वळू. १९२७ साली मुलर यांनी माश्यांवर आणि १९२८ साली स्टॅडलर यांनी सातूवर क्ष-किरण सोडून दाखवलं, की किरणांनी आनुवंशिक गुण बदलतात. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रानं हीच वाट धरली. बियाण्याला गॅमा किरणांची बेताची मात्रा द्यायची, ते पेरायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या चांगली झाडं निवडत जायचं. ट्रॉम्बे आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांच्या अशाच मेहनतीतून २००५ साली ‘टीएएमएस-३८’ हा सोयाबीनचा वाण आला.

तुम्ही विचाराल, ‘अहो, मग ते किरण आमच्या ताटात येत नाहीत का?’ नाही. किरण दाण्यातून पार होतात, मागे साठून राहत नाहीत. राहतो तो फक्त त्यांनी घडवलेला बदल.

खाण्याच्या दाण्यावर याहून कितीतरी मोठी मात्रा सोडली, तर प्रथिनांचे लांब धागे कुठे तुटतात, कुठे एकमेकांत गुंततात. पचन अडवणाऱ्या त्या प्रथिनाचा जोर काही अंशी उतरतो, पण पुरता जात नाही. आणि मात्रा वाढवतच नेली, तर तेलाला खवट वास येऊ लागतो. अति तेथे माती! सर्व बाजूंनी विचार करून जागतिक तज्ज्ञांच्या समितीनं १९८० साली निर्वाळा दिला, की दहा हजार ग्रे या मापापर्यंत किरण दिलेलं अन्न खायला सुरक्षित आहे. इतक्या मात्रेनं पाणीसुद्धा जेमतेम अडीच अंशांनीच तापतं.

तेव्हा गुरुजींनो, ‘किरण म्हणजे विष’ असं मुलांना सांगू नका, आणि ‘किरण म्हणजे चमत्कार’ असंही नको. किती मात्रा, कशावर आणि कशासाठी, हे विचारायला शिकवा.

आणि माउल्यांनो, दाण्यातली ती खोट काढायला तुमची चूल पुरेशी आहे. सोयाबीन रात्री भिजत घाला, ते पाणी टाकून द्या आणि दाणा बोटानं सहज दबेपर्यंत शिजवा. कच्च्याचं पीठ मात्र पोरांना देऊ नका. आपल्या शिवारातलं सोयाबीन पोत्यांनी तेलाच्या गिरणीला जातं. त्यातलं पायलीभर घरी ठेवलं, तर घरच्या लेकरांच्याही अंगी लागेल.