‘मृत्यू कुपोषणाने नव्हे, आजाराने’: या वाक्याचा अर्थ काय?

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये राज्य हादरले. जव्हार-मोखाड्यातील बालमृत्यूंची चर्चा निघाली की राजकीय भाषणांत हे वाक्य आजही ऐकू येते.

यात खरे किती?
अर्धेच. मृत्यूचे कारण म्हणून न्यूमोनिया किंवा अतिसाराची नोंद होते. पण कुपोषित बालकाची प्रतिकारशक्ती कमी असल्याने साधा संसर्गही जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांचा संबंध कुपोषणाशी असतो. म्हणजे ‘आजार की कुपोषण’ हा वादच चुकीचा आहे.

‘कुपोषण घटले’ असे ऐकल्यास
किती मुलांचे वजन घेतले, कोणत्या महिन्यात आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुले मोजली का, हे विचारा.

तुमच्या बाळासाठी
६ महिने ते ५ वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत मोजून घ्या. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे किंवा दोन्ही पावलांवर सूज असणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. बाळ खात-पीत नसेल, सुस्त असेल किंवा धाप लागत असेल, तर थांबू नका. १०८ वर फोन करून रुग्णालय गाठा.