अंधेरी मुंबईत नव्हती तेव्हा

ऑफिसातला एक मित्र मध्यंतरी ताहितीला जाऊन आला. तिकडे म्हणे एका दिवसाची सहल असते. सकाळी जीपमधून जुनी दगडी देवस्थानं बघायची, दुपारी होडीतून प्रवाळभिंतीच्या आतल्या निळ्या पाण्यात फिरायचं. फोटो बघून आमचा जळफळाट झाला. मग म्हटलं, अंधेरीत राहतो म्हणजे आपणही बेटावरच राहतो की! साष्टी बेटावर. जीपऐवजी रिक्षा, एवढाच काय तो फरक :)

तर मंडळी, मागच्या विकांताला ही सहल केली. निघण्याआधी नकाशा थोडा मागे न्यायला हवा. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण दिली, हे शाळेत वाचलेलं असतं. पण त्या आंदणात साष्टी नव्हती. माहीमच्या खाडीपलीकडचा वांदरे-अंधेरी-मालाडचा मुलूख १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता आणि पुढेही त्यांच्याकडेच राहिला. म्हणजे आज लोकल ज्या खाडीवरून दोन मिनिटांत जाते, ती दोन राज्यांमधली सरहद्द होती.

सकाळी वर्सोव्याच्या धक्क्यावर गेलो. जुनं नाव वेसावे. मढला रस्त्याने जायचं तर मालाडहून मोठा वळसा पडतो. फेरीबोटीने पाचेक मिनिटांत पलीकडे. बोटीत माणसं, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, सगळं एकत्र. मढचा किल्ला खाडीच्या तोंडावरच आहे. तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने परवानगीशिवाय आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचा. पण जागा बघितली की कारण कळतं. येणारीजाणारी प्रत्येक होडी इथून दिसते.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं घेतलं आणि साष्टीत उतरले. फेब्रुवारी १७३९ मध्ये हा किल्ला पडला, मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मग ३५ वर्षं अंधेरी मराठ्यांची होती! १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली.

पुढे एरंगळ. किनाऱ्यावर सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे, सोळाव्या शतकातलं. जानेवारीत इथे मोठी जत्रा भरते आणि तिला हिंदू कोळीही येतात. तिथून मार्वे आणि पुन्हा एक फेरीबोट मनोरीला.

या बोटीत शेजारी एक वयस्कर काका बसले होते. गप्पा सुरू झाल्या. ते ईस्ट इंडियन. त्यांची मराठी माझ्यापेक्षा वेगळी, पण कान दिला की सगळी समजते. मी विचारलं, "काका, तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच," ते म्हणाले. "तू?"

"मी साताऱ्याचा."

ते नुसते हसले. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं.

ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. नोकऱ्यांसाठी बाहेरून आलेल्या इतर ख्रिश्चनांपासून आपण वेगळे, इथलेच, हे दाखवायला. नाव इंग्रजी, पण लग्नात उंबराचं पाणी आणतात आणि म्हाताऱ्या बायका लुगडं नेसतात.

शाळेच्या सहलीत मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळची मोठी घंटा बघितली होती. वसईच्या मोहिमेतून आलेली, असं गुरुजींनी अभिमानाने सांगितलं होतं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही तिथलीच मानतात. अभिमान मलाही वाटला होता, अजूनही वाटतो. वसईची लढाई सोपी नव्हती. पण घंटा जिथून निघाली तिथेही मराठी बोलणारी माणसंच राहत होती, हे मला त्या बोटीत बसेपर्यंत सुचलं नव्हतं. पोर्तुगीज गेले, ही माणसं इथेच राहिली.

आणि हे कळायला मनोरीपर्यंत जायचीही गरज नव्हती. माझं ऑफिस सीप्झमध्ये. त्याच आवारात १५७९ मध्ये बांधलेल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. १८४० मध्ये साथ आली आणि चर्च सोडून लोक मरोळला गेले. रोज तिथे कामाला जातो, पण 'इथे आधी कोण होतं' हा प्रश्न कधी पडला नाही.

संध्याकाळी गोराईहून तिसऱ्या बोटीने बोरिवलीला उतरलो आणि गर्दीची लोकल पकडून घरी. वर्सोवा-मढ पूल व्हायचा ठरलाय. झाला की तिथल्या लोकांची सोय होईल, ती व्हायलाच हवी. पण पुलावरून गाडीत बसून जाताना शेजारच्या काकांशी गप्पा होणार नाहीत. तेव्हा बोट आहे तोवर जाऊन या. आणि हो, कुणाला 'मूळचे कुठले' विचारण्याआधी आपलं उत्तर तयार ठेवा!

असो. पुढच्या विकांताला भेटूच.