पाणी ओसरल्यावर दुकान कुणाचं उघडतं?

१९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं. आपल्या पोरांना त्या नावातली डरकाळी ठाऊक आहे. पण त्याच १९७२ साली त्याच अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, काळ्यांच्या पुढाकारानं एक बँक उघडली. लिबर्टी बँक. हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. मोर्चा लक्षात राहतो, गल्ला लक्षात राहत नाही. मित्रांनो, आज गल्ल्याचीच गोष्ट सांगतो.

२९ ऑगस्ट २००५. कॅटरिना नावाचं चक्रीवादळ आलं आणि न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले. वारा निसर्गाचा होता, बांध मात्र केंद्र सरकारच्या लष्करी इंजिनियरांचे होते. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या शहरात दर तीन माणसांत दोन काळी. ज्याच्याकडं मोटार होती तो आधीच निघून गेला. ज्याच्याकडं नव्हती तो छपरावर बसला. १ सप्टेंबरला माणसं पुलावरून चालत पलीकडच्या कोरड्या गावाकडं निघाली, तर तिथल्या पोलिसांनी बंदुका दाखवून त्यांना परत पाण्याच्या शहरात हाकललं. वेस तिथंही आहे. तिथं तिला पूल म्हणतात, एवढंच.

हे सगळं जगानं टीव्हीवर बघितलं. कॅमेरे निघून गेल्यावर काय झालं, ते बघू.

त्या शहरात ट्रेमे नावाची काळ्यांची जुनी वस्ती आहे. जवळच्या क्लेबॉर्न रस्त्यावर काळ्यांची दुकानं होती, मधोमध ओकच्या झाडांची रांग होती. १९६६ साली सरकारनं ती झाडं तोडली आणि डोक्यावरून हमरस्त्याचा पूल नेला. बाजार मोडला. म्हणजे पाणी यायच्या ३९ वर्षं आधीच ही वस्ती एकदा बुडवून झाली होती. तेव्हाच्या बुडण्याला विकास म्हणत होते.

तिथंच ऑर्लिन्स रस्त्यावर १९४१ पासून चालत आलेलं डुकी चेस नावाचं हॉटेल आहे. लीआ चेस १९४६ साली सून होऊन त्या घरात आली आणि पुढं त्या हॉटेलची चूल तिनं सत्तर वर्षं सांभाळली. काळ्या मजुराला बँक दारात उभं करत नव्हती, तेव्हा शुक्रवारी पगाराचा चेक घेऊन तो इथं यायचा. इथं त्याला रोख पैसे मिळायचे. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाला बसून जेवणं कायद्यानं बंद होतं, तेव्हा माडीवरच्या खोलीत चळवळीच्या बैठका व्हायच्या आणि सगळे एकत्र जेवायचे. मार्टिन ल्युथर किंग तिथं जेवलेत, थर्गुड मार्शल जेवलेत. एकत्र जेवणं हा गुन्हा कसा होतो, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

कॅटरिनाचं पाणी ह्या हॉटेलातही शिरलं आणि लवकर हललं नाही. लीआबाई तेव्हा ८२ वर्षांच्या. नवरा-बायको रस्त्यापलीकडं, सरकारनं दिलेल्या चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीत राहिले. नातवानं भिंतींवरची काळ्या चित्रकारांची चित्रं वेळीच हलवली म्हणून ती वाचली. एप्रिल २००६ मध्ये शहरातल्या इतर स्वयंपाक्यांनी पंगत मांडून सुमारे ४०,००० डॉलर उभे केले. २००७ साली दार उघडलं. बाई पुन्हा चुलीपुढं उभी राहिली, ती २०१९ साली मरेपर्यंत.

ह्या बाईला सलामच आहे. पण मला विचाराल तर गोष्ट इथं संपत नाही. हॉटेलाच्या दारात उभं राहून समोर बघा.

समोर लाफिट नावाची सरकारी चाळवस्ती होती, तीसुद्धा १९४१ चीच. ८९६ खोल्या, पक्क्या विटांच्या. वादळात तिचं फार काही बिघडलं नव्हतं. तरी सरकारनं लोखंडी पत्रे ठोकून दारं बंद केली. माणसं परत आली, तर स्वतःच्या भांड्याकुंड्यांपर्यंत पोचता येईना. २० डिसेंबर २००७ ला नगर परिषदेनं अशा चार मोठ्या वस्त्या, सुमारे ४,५०० घरं, पाडायला एकमतानं मंजुरी दिली. बाहेर भाडेकरू ओरडत होते. पोलिसांनी त्यांच्यावर मिरचीचा फवारा मारला, विजेचे झटके दिले. हॉटेल उघडलं त्याच वर्षी समोरची वस्ती पाडायचं ठरलं. आता सांगा, धंदा चालू झाला म्हणायचं की बंद पडला?

लिबर्टी बँकेचंही बघा. पाण्यानं तिच्या शाखा बुडवल्या, खातेदार वेगवेगळ्या राज्यांत पांगले. बँकेनं बॅटन रूज शहरातून कारभार चालवला, खातेदार जिथं गेले तिथं पैसा पोचवला, टिकली आणि पुढं वाढलीही. पैशाला पाय असतात. पण न्हाव्याची खुर्ची, इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यावरचं किराणा दुकान गिऱ्हाइकाच्या मागं मागं कुठं जाणार? गल्ली परत आली तरच ते परत येणार.

आणि गल्ली परत येऊ नये अशीच सगळी मांडणी होती. जानेवारी २००६ मध्ये पुनर्बांधणी समितीचा नकाशा छापून आला. त्यावर हिरवे ठिपके. जिथं ठिपका तिथं बगीचा व्हायचा. माणसांना छापील कागद बघून कळलं की आपलं घर आता बाग आहे. लोक खवळले म्हणून ठिपके मागं घेतले. मग 'रोड होम' योजना आली. घर दुरुस्तीचा खर्च किंवा वादळाआधीची बाजारातली किंमत, यात जे कमी असेल ते धरून मदत. गोऱ्या आळीत घराची किंमत जास्त, काळ्या आळीत तसल्याच घराची कमी. विटा मात्र दोघांना एकाच भावानं घ्यायच्या. कायदा सर्वांना समान, पण मोजायची काठी आधीच वाकडी! २००८ साली काळे घरमालक कोर्टात गेले, २०११ साली तडजोड झाली. तोवर किती जणांनी मोकळी जागा विकून टाकली असेल?

मजुरीचं तेच. वादळानंतर दहा दिवसांत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सरकारी कामावरच्या किमान मजुरीचा कायदा त्या भागात स्थगित केला. दोन महिन्यांनी तो परत आणावा लागला. फुटक्या छपरांवर निळं प्लास्टिक ठोकायला मोठ्या कंत्राटदाराला शंभर चौरस फुटांमागं १७५ डॉलर. तो पोटकंत्राट देतो, पोटकंत्राटदार पुढं देतो, असं होत होत काही ठिकाणी शेवटच्या मजुराच्या हातात २ डॉलर पडले. शाळांतल्या ७,००० हून जास्त नोकरदारांना काढून टाकलं, त्यात बहुतेक काळे. हीच माणसं त्या दुकानांची बांधलेली गिऱ्हाइकं. २००० ते २०१० ह्या दहा वर्षांत शहरातले लाखाहून जास्त काळे लोक कमी झाले.

परदेशात शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा धंदा सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं यायची थांबली. अर्थशास्त्रातली एवढी विद्वत्ता, तरी धंदा बुडाला. हिंमत कमी पडली होती का? हिंमत कमी पडली असं म्हणणाऱ्याला व्यवस्थेचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तो माणसाच्या हिमतीच्या गोष्टी सांगतो.

कॅटरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलै २००५ ला, मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या वस्त्यांतही पाणी शिरलं. ज्या टपरीला परवाना नाही तिचा पंचनामा कोण करणार? जो पोटभाडेकरू आहे त्याचं घर कुठल्या कागदावर?

तेव्हा मित्रांनो, पाणी आलं की ब्लँकेटं वाटायला जरूर जा. पण खिशात वही ठेवा. कुठल्या खोलीत कोण राहत होतं, कुणाची शिलाई मशीन गेली, कुणाची हातगाडी गेली, कुणाचा किती माल होता, सगळं लिहा, सही-अंगठा घ्या. कारण पाणी ओसरलं की नकाशा घेऊन माणसं येतात. तेव्हा आपल्या हातात आपली वही पाहिजे.

जय भीम.